पापुद्रेबाई आणि बटणाचं पुस्तक

पापुद्रेबाईंचं खरं आडनाव पापुद्रे नाही. हे नाव त्यांना छपाईच्या दुकानाच्या मालकांनी ठेवलं आणि ते इतकं चिकटलं, की आता त्यांना पार्सलंही याच नावाने येतात. दुकानाच्या मागच्या खोलीत, कागदाच्या रिमांच्या भिंतीला खेटून त्यांचं टेबल आहे. तिथे बसून त्या गेली चौदा वर्षं एकच काम करतात. कुणीतरी चित्र म्हणून बनवलेली फाइल घ्यायची, कांदा सोलावा तसे तिचे थर सुटे करायचे आणि त्यातून असं साधं डॉक्युमेंट बनवायचं, की ज्याला टाइप करता येतं त्याला ते दुरुस्त करता यावं.

हे काम लागतं कुणाला, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. समजा एखाद्या डॉक्टरने डिझायनरकडून छान माहितीपत्रक करून घेतलं. डिझायनर ते चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवतो. खाली रंगाचा थर, त्यावर फोटोचा, त्यावर अक्षरांचा. काचेच्या तावदानांवर थोडं थोडं चितारून ती एकावर एक ठेवावीत, तसं. वरून बघणाऱ्याला एकच सुंदर चित्र दिसतं. पुढे डिझायनर गाव सोडतो, डॉक्टरांचा फोन नंबर बदलतो आणि तो एक आकडा बदलायचा कसा, हे दवाखान्यात कुणालाच कळत नाही. मग कुणीतरी म्हणतं, "त्या पापुद्रेबाईंकडे जा."

बाई मूळच्या टायपिस्ट. एकोणिसाव्या वर्षी मशीनवर बसल्या, मशीन गेलं तशा कॉम्प्युटरवर आल्या. थरांचं काम शिकल्या तो पहिला दिवस दुकानात अजून आठवतात. प्रत्येक थराच्या नावाशेजारी डोळ्याचं छोटं चित्र असतं, तो डोळा मिटला की तो थर दिसेनासा होतो. एका दाताच्या डॉक्टरांच्या पत्रकावर बाईंनी उत्साहाच्या भरात एकामागून एक सगळे डोळे मिटले. पडदा पांढराफटक! बाई खुर्चीतून ताडकन उठल्या आणि बाहेर ओरडल्या, "अहो मालक, दाताचा डॉक्टर गेला!"

बाहेर काउंटरवर तो डॉक्टरच उभा होता. मालक म्हणाले, "आहेत अजून. तुम्ही डोळे उघडा."

तेव्हापासून बाई कधी घाबरल्या नाहीत. कामात मात्र त्या भलत्याच काटेकोर झाल्या. त्यांची एक पद्धत होती. डॉक्युमेंट तयार झालं की मूळ चित्राची एक प्रिंट त्या घरी न्यायच्या. चहानंतर यजमान ती मोठ्याने वाचायचे आणि बाई मांडीवर डॉक्युमेंटची प्रत घेऊन पेन्सिलीने खुणा करत जायच्या. यजमान तीस वर्षं लिफ्टमन होते. दिवसभर मजल्यांचे आकडे पुकारायची सवय, त्यामुळे विरामचिन्हंसुद्धा ते तशीच पुकारायचे. "पोट साफ न झाल्यास, स्वल्पविराम! ताबडतोब भेटा, पूर्णविराम! नवी ओळ!" शेजारची सून एकदा काळजीने विचारून गेली होती, की काकांची तब्येत बरी आहे ना.

त्या सोमवारी दुपारी मात्र यजमानांचा घसा पार बसलेला होता. डॉक्टरांनी पाच दिवस एक शब्दही बोलायचा नाही, अशी तंबी दिली होती. बाई दुकानात येऊन मालकांना सांगत होत्या, "लग्नानंतर पहिल्यांदा घरात माझं ऐकलं जातंय," आणि तेवढ्यात बसची एक कंडक्टर आत आली. अंगावर गणवेश, खांद्याला तिकिटांची चामडी पिशवी. चालू बसमधून उतरल्यासारखी ती घाईत होती.

"पापुद्रेबाई कोण?"

"मीच. बसा."

"बसायला सवडच नाही ताई, बावीस मिनिटांनी माझी गाडी सुटते." असं म्हणत ती बसली. पिशवीतून तिने पेन ड्राइव्ह काढला आणि त्याच्याबरोबर एक पुस्तक. चोवीस पानांचं, हाताळून कडा मऊ पडलेलं. 'बटण निघालं फिरायला.' नारिंगी आभाळ, त्यावर पिवळी अक्षरं, प्रत्येक अक्षराला जाड सावली.

"हे माझ्या भावाने केलंय. माझ्या मुलीसाठी, ती चार वर्षांची असताना. गोष्ट त्याची, चित्रं त्याची. दुकानांच्या पाट्या रंगवायचा तो. आता जहाजावर रंगाऱ्याचं काम करतो, दोन-दोन महिने फोन लागत नाही. त्याला सावलीशिवाय काही लिहिताच येत नाही बघा. आमच्या टाकीवर 'पाणी' लिहिलंय, त्यालाही सावली."

"आणि याचं काय करायचंय?"

कंडक्टर पुन्हा नीट टेकून बसली. मग तिकिटं मोजावीत तसं पुस्तकाच्या पानांवरून अंगठा फिरवत तिने सांगितलं. मुलगी आता आठ वर्षांची. भिंगरी म्हणतात तिला, कारण पाय जमिनीवर ठरत नसत. गेल्या वर्षापासून तिच्या नजरेचा मधला भाग धूसर होत चालला आहे. कडेकडेचं दिसतं, समोरचं विरघळतं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, आहे ती नजर वापरत राहू द्या. मोठी, ठळक, काळी अक्षरं द्या, मागे चित्र नको. वाचायची सवय सुटली तर पुन्हा लावणं कठीण जाईल.

"शाळेतून मोठ्या अक्षरांची पुस्तकं आणली मी. हात लावत नाही. म्हणते, ही बाळांची पुस्तकं आहेत. फक्त मामाचं पुस्तक घेऊन बसते आणि घडाघडा वाचून दाखवते. तिच्या शाळेतल्या बाई खूश, म्हणतात मस्त वाचते की! पण ताई, ती वाचते का पाठ म्हणते, हेच मला कळत नाही. एकदा मी मुद्दाम पुस्तक उलटं दिलं. तिने सुलटं करून घेतलं. रंगांवरून कळत असेल. विचारलं की चिडते. 'दिसतंय मला' म्हणते, आणि उठून दाराच्या चौकटीवर आपटते."

बाईंनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. नारिंगीवर पिवळं. बघून त्यांचेच डोळे चुरचुरले.

"झेरॉक्सवर मोठं करून पाहिलं," कंडक्टर म्हणाली. "अक्षरं फाटतात आणि चित्रही त्यांच्याबरोबर मोठं होऊन मध्ये येतं. मला चित्रातून अक्षरं सोडवून हवीत. तिच्या आवडीचं हे एक पुस्तक तिने डोळ्यांनी वाचलं ना, तर ती दुसरं हातात घेईल. नाहीतर ती डोळे वापरायचंच सोडून देणार आहे. मी तिला ओळखते. माझ्यावरच गेलीय."

"कधीपर्यंत?"

"गुरुवारी सुट्टी आहे माझी. तिला घेऊन येते." ती उठली, दाराशी गेली आणि परत वळली. "तिच्यासमोर नजरेचं काही बोलू नका हं."

बाईंनी त्या दिवशी बाकीची कामं बाजूला सारली. फाइल उघडली आणि कपाळाला हात लावला. मामाचा हात सढळ होता. एकेका पानावर तीस-चाळीस थर, आणि थरांची नावं 'नवीन', 'नवीन नवीन', 'हेच', 'हे नाही हेच'. अकरा पानांवरची अक्षरं तर त्याने चित्रात विरघळवून टाकली होती, म्हणजे ती आता अक्षरं नव्हती, नुसते रंगाचे ठिपके. ती बाईंनी सरळ हाताने टाइप केली. उरलेल्या तेरा पानांवर अक्षरं शाबूत होती, पण जुन्या फॉन्टमधली. डॉक्युमेंटमध्ये आणली की त्यांची नुसती चिन्हांची खिचडी व्हायची. त्यावर बाईंकडे स्वतः बनवलेला तक्ता होता. कुठल्या चिन्हाचं कुठलं अक्षर होतं, हे त्यांनी वर्षानुवर्षं टिपून ठेवलं होतं. तो लावून मंगळवार संध्याकाळपर्यंत खिचडीचं मराठी झालं.

राहिल्या सावल्या. मामा सावली पाडायचा ती ओळीची दुसरी प्रत काढून. तीच ओळ फिक्या रंगात, जराशी खाली सरकवून, वेगळ्या थरावर. त्यामुळे या तेरा पानांवरचं प्रत्येक वाक्य डॉक्युमेंटमध्ये दोन-दोनदा उमटलं होतं. "बटण शर्टावरून सुटलं. बटण शर्टावरून सुटलं. ते गडगडत निघालं. ते गडगडत निघालं." असली डबल छापील फाइल बाईंना नवी नव्हती. त्यांच्याकडे त्यासाठी कॉम्प्युटरला द्यायची एक छोटी आज्ञा लिहिलेली होती. सारख्या ओळी लागून आल्या, की एक ठेवायची आणि बाकीच्या उडवायच्या. त्यांनी ती चालवली.

काही पानांवर एकच ओळ चार-चार वेळा आली होती. बाईंनी चित्राकडे पाहिलं. एक ओळ गडद, तिच्या खाली जरा अंतरावर तीच ओळ फिकट. पुस्तकाच्या नावाला मामाने तीन सावल्या दिलेल्या त्यांनी बघितल्याच होत्या. "काय हौस आहे पठ्ठ्याला," त्या पुटपुटल्या आणि पुढच्या पानावर गेल्या.

बुधवारी त्या प्रिंट घेऊन घरी गेल्या. यजमान खुर्चीत सरसावून बसले, तोंड उघडलं आणि डॉक्टरांची आठवण होऊन मिटलं. मग त्यांनी पाटीएवढ्या अक्षरांत चिठ्ठी लिहिली. 'दोन दिवस थांब. आवाज येऊ दे.'

"अहो, गुरुवार थांबतोय का कुणासाठी? लेकराचं काम आहे."

यजमानांनी 'लेकराचं काम आहे' याच्याखाली हवेत बोटाने दोन रेघा मारल्या. म्हणजे, म्हणूनच थांब. बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. स्वतःच एकदा नजर फिरवली, सगळं नीट वाटलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्यांचं काम मोठ्याने वाचलं न जाता घराबाहेर पडलं.

गुरुवारी दुपारी मायलेकी आल्या. साध्या कपड्यांत कंडक्टर बरीच लहान दिसत होती. भिंगरी काटकुळी, दोन वेण्या, हनुवटी वर. दुकानात शिरताना तिने काउंटरच्या कडेला बोट लावलं आणि ते बोट घासत घासत ती आतपर्यंत आली, जणू खेळच चाललाय.

मालक म्हणाले, "या बाईसाहेब! काय छापायचं?"

"छापायचं नाही, सोलायचंय," भिंगरीने सुनावलं. "आईने सांगितलंय मला सगळं."

बाईंनी फिक्या पिवळ्या कागदावर काढलेली पानं तिच्यापुढे ठेवली. चित्रं बाजूला, स्वतंत्र पानांवर. मजकूर काळा कुळकुळीत, एकेक अक्षर बोराएवढं.

भिंगरीने पहिलं पान हातात घेतलं, हनुवटी आणखी वर केली आणि सुरू झाली. "बटण शर्टावरून सुटलं ते गडगडत निघालं कपाटाखाली गेलं..." गाडी सुसाट. डोळे कागदावर नव्हतेच, ते रिमांच्या वर कुठेतरी लागले होते. कंडक्टरने बाईंकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. बाईंना प्रश्न पडला. तीन दिवसांची मेहनत जाऊ दे, पण हिच्या आईला आता काय सांगायचं?

दुसरं पान. तिसरं. तिसऱ्या पानावर वेग जरा मंदावला. भिंगरीने मान डावीकडे कलवली, चिमणी दाण्याकडे बघते तशी तिरकी, आणि बोट कागदावर टेकवलं. बोट सरकलं, थांबलं, मागे आलं.

"इथे एकच आहे," ती म्हणाली.

"काय एकच?" आईने विचारलं.

"'इथे नको' दोनदा असतं. बटण म्हणतं, इथे नको, इथे नको, अजून पुढे. इथे एकदाच लिहिलंय." मग बाईंकडे वळून तक्रारीच्या सुरात, "मावशी, तुम्ही एक 'इथे नको' खाल्लंत."

बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "असं कसं होईल? ती सावली..." म्हणत त्यांनी फाइल उघडली, त्या पानावरच्या थरांचे डोळे एकेक करून मिटले. आणि दिसलं. फिकट ओळ सावली नव्हतीच. ती वेगळी ओळ होती, तिला तिची स्वतःची सावली होती. बटण लांब जातं तसा त्याचा आवाज लहान होतो, म्हणून मामाने दुसरं 'इथे नको' मुद्दाम फिकं केलं होतं. आणि बाईंच्या आज्ञेने पानापानांवरून बटणाचा तो दुसरा आवाज झाडून टाकला होता.

"चुकलं माझं," त्या कंडक्टरला म्हणाल्या. "फार चुकलं. यांना वाचायला द्यायला हवं होतं. घाई केली मी. दोन तासांत सगळं नीट करून देते, एक पैसा..."

कंडक्टरने त्यांचं मनगट धरलं. गर्दीच्या बसमध्ये दांडा धरावा तसं घट्ट. "ताई, थांबा. ती काय म्हणाली?"

"म्हणाली, एकच आहे. खरंच आहे तिचं."

"पण तिला दोनदा पाठ आहे ना?" कंडक्टरचा आवाज कुजबुजीएवढा झाला होता. "पाठ म्हणत असती तर दोनदा म्हणून पुढे गेली असती. थांबली कशी?"

आता कुठे बाईंच्या डोक्यात उजेड पडला. त्या भिंगरीकडे बघत राहिल्या. पोरीला या दोघींशी काही देणंघेणं नव्हतं. ती नाक कागदाला टेकवून पुढच्या पानावर चुका शोधत होती. "इथेही खाल्लंय! आई, बघ, इथेही!" बाईंची चूक सापडल्याचा एवढा आनंद आजवर कुठल्याही गिऱ्हाइकाला झाला नव्हता.

पण आईचं मन. ते लगेच मानायला तयार होईना. "ओळी कमी भरल्या असतील, म्हणून कळलं असेल," ती हळूच म्हणाली. "कागदावर काळं किती आहे, तेवढंच दिसत असेल. अक्षरं नसतील दिसत." आणि तोंड फिरवून रिमांवरची लेबलं वाचू लागली.

बाईंनी डॉक्युमेंटचं चौथं पान उघडलं, अक्षरं आणखी सहा पॉइंटनी वाढवली आणि कपाटाखालच्या धुळीच्या वाक्यानंतर कर्सर ठेवला. चित्राची फाइल असती तर हे जमलं नसतं. आता ते साधं डॉक्युमेंट होतं, कुणीही काहीही लिहावं. त्यांनी एक ओळ टाइप केली, पान छापलं आणि गरम गरम भिंगरीच्या हातात दिलं.

"हे बघ गं. आता बरोबर आहे का?"

भिंगरीने सुरुवात दणक्यात केली. "तिथे अंधार होता. खूप धूळ होती." आणि गाडी अडली. पाठांतराचा रस्ता संपला होता. तिने कागद जवळ घेतला, दूर नेला, मान तिरकी केली. खोलीत फक्त बाहेरच्या मशीनची घरघर ऐकू येत होती. कंडक्टरने लेबलं वाचणं थांबवलं होतं, पण वळून बघायचं तिला धाडस होत नव्हतं.

"बटणाला..." बोट सरकलं. "बटणाला जो... जोरात..." पुन्हा मागे. "शि... शिंक..." आणि मग सगळं वाक्य एकदम. "बटणाला जोरात शिंक आली!"

आणि ती भडकली. "हे मामाने नाही लिहिलं!"

"नाही?" बाई म्हणाल्या.

"मुळीच नाही! बटणाला नाक कुठे असतं? चार भोकं असतात त्याला."

"मग चारही भोकांतून शिंक आली असेल."

भिंगरीने यावर गंभीरपणे विचार केला. चार भोकांची शिंक तिच्या डोळ्यांसमोर आली असावी, कारण आधी तिचे ओठ थरथरले आणि मग ती खदाखदा हसत सुटली. हसता हसता टेबलाला धरून खाली बसली. बाहेरून मालकांनी डोकं आत घातलं. "काय झालं? परत डॉक्टर गेला की काय?"

कंडक्टर रिमांकडे तोंड करून उभी होती आणि बाहीने पुन्हा पुन्हा चेहरा पुसत होती. "केवढी ही धूळ तुमच्याकडे," ती म्हणाली. मालकांनी तिच्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं आणि एक खुर्ची आत सरकवून निघून गेले.

पुढचा तासभर तपासणीचं कामच चाललं. भिंगरी एकेक पान वाचायची आणि खाल्लेली ओळ सापडली की बोटाने टकटक करायची. बाई ती जागच्या जागी घालायच्या. मध्येच एका शब्दावर ती हटून बसली, तेव्हा बाईंनी अक्षरं आणखी मोठी केली, आणखी, अगदी चिकूएवढी. "एवढं नको," भिंगरी म्हणाली, "एवढं मला काय करायचंय? जरा लहान करा." कंडक्टरने ते ऐकलं आणि खुर्चीच्या पाठीवर डोकं टेकलं. वर्षभरात पहिल्यांदाच मुलगी तिला काय दिसतं आणि काय नाही, याबद्दल स्वतःहून बोलली होती. बाईंनी अक्षरांच्या आकाराचा तो आकडा कागदाच्या कोपऱ्यावर लिहून ठेवला. चौतीस. आता शाळेतलं पुस्तक असो की पत्र, आईने एवढाच आकडा घालायचा होता.

"ती शिंक काढून टाकू का?" शेवटी बाईंनी विचारलं. "मामाने लिहिलेली नाही म्हणून?"

भिंगरीने पडद्याजवळ तोंड नेलं, तिरकी मान करून ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"राहू दे. पण त्याच्यापुढे अजून हवं. शिंकेने सगळी धूळ उडते आणि मग कपाटाखालची मुंगी ओरडते त्याला."

"काय ओरडते?"

"ते मी लिहिते. तुम्ही उठा."

"अगं, मावशींना कामं असतील," आई म्हणाली.

पापुद्रेबाई तोवर उठल्याही होत्या. भिंगरी त्यांच्या खुर्चीत चढून बसली, तर तिची हनुवटी जेमतेम टेबलाला लागत होती. बाई खाली वाकल्या, खुर्चीचा दांडा धरला आणि पोरीचं नाक पडद्याच्या बरोबर समोर येईपर्यंत खुर्ची हळूहळू वर करत राहिल्या.